पिस्टनखालची धार

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ, नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागून असलेल्या या गॅरेजमध्ये उघडून ठेवलेले इंजिन बोअरगाडीवरच्या कॉम्प्रेसरचे आहे. कमिन्सचे एनटी-८५५ : सहा सिलिंडर, १४ लिटर. हा आराखडा आता जुना झाला असला, तरी विदर्भाच्या काळ्या पाषाणात शेकडो फूट खोल गेलेल्या कितीतरी बोअर अशाच इंजिनांच्या जोरावर घेतल्या गेल्या आहेत. खडक फोडणाऱ्या हॅमरला सतत दाबाची हवा लागते, त्यामुळे इंजिनाला उसंत मिळत नाही. ते तासन्‌तास पूर्ण भारावर चालते, आणि तेही सावलीत ४५ अंश असलेल्या मे महिन्यात.

मिस्त्रींच्या हातातला हा पिस्टन तिसऱ्या सिलिंडरचा आहे. त्याच्या बाजूवर उभे ओरखडे उठले आहेत, रिंगा खाचांत चिकटून बसल्या आहेत आणि उलटा धरल्यावर माथ्याच्या आतून जळालेल्या ऑइलचा काळा, कडक थर दिसतो. शेजारच्या पिस्टनला आतून फक्त तपकिरी झाक आहे. एकाच इंजिनात, एकाच ऑइलवर चाललेल्या दोन पिस्टनांत इतका फरक पडला, तर संशय पहिल्यांदा ऑइल नोझलवर घ्यायला हवा.

सिलिंडरात डिझेल जळताना ज्वाळेचे तापमान २००० अंशांच्या वर जाते, आणि अ‍ॅल्युमिनियम तर सुमारे ६६० अंशांनाच वितळते. पिस्टन टिकतो तो त्याच्या माथ्यातली उष्णता सतत बाहेर काढली जाते म्हणून. काही उष्णता रिंगांमधून लायनरकडे, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली सरकतो त्या नळकांड्याकडे, आणि तिथून पाण्याकडे जाते. टर्बो लावलेल्या, जास्त ताकदीच्या इंजिनात तेवढ्याने भागत नाही, म्हणून खालून पिस्टनच्या पोटावर ऑइलची धार मारली जाते. ही धार मारणारे नोझल बोटाएवढे असते. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक नोझल आहे आणि ते ब्लॉकच्या बाहेरून बसवलेले असते, त्यामुळे एक स्क्रू काढला की ते हातात येते. इतकी सोय असूनही ओव्हरहॉलमध्ये त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, याचे खरोखर वाईट वाटते.

मिस्त्रींनी सहाही नोझलांवर सिलिंडरचे क्रमांक घातले, ती डिझेलमध्ये धुतली आणि हवा मारली. तिसऱ्या नोझलच्या भोकातून हवेबरोबर जो लालसर, रबरासारखा तुकडा बाहेर पडताना दिसतो, तो गॅस्केटला लावण्याच्या पेस्टचा आहे. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत पेस्ट जास्त लावली गेली, आत दबलेला भाग सुटला आणि ऑइलबरोबर फिरत इथे येऊन अडकला.

भोक मोकळे झाले म्हणजे नोझल चांगले झाले, असे मात्र नव्हे. हातपंप, दाबाचा काटा आणि लेथवर करून घेतलेली एक पकड एवढ्यावर मिस्त्रींनी तपासणीची सोय केली आहे. सगळ्या नोझलांना तेच कोमट ऑइल, तोच ३ किलोचा दाब आणि तेवढाच वेळ देऊन, पडलेले ऑइल मापाच्या भांड्यात मोजले जाते. पहिल्या नोझलची धार पाहा : काचेच्या कांडीसारखी सरळ आणि अखंड. पाचव्याची धार बाहेर पडताच फाटते आणि तिच्याखालचे भांडे इतरांपेक्षा लवकर भरते, कारण पूर्वी कोणीतरी ते भोक पोलादी तारेने कोरले आहे. असे मोठे झालेले भोक वाजवीपेक्षा जास्त ऑइल पिते, त्यामुळे दाब उतरतो, बेअरिंगांच्या वाट्याचे ऑइल घटते आणि धार फाटल्याने पिस्टनचा माथाही नीट थंड होत नाही. भोकात तार किंवा ड्रिल घालणे हा नोझल साफ करण्याचा मार्ग नाही. ज्या इंजिनांच्या नोझलमध्ये स्प्रिंग आणि गोळीचा व्हॉल्व्ह असतो, तिथे तो ठरलेल्या दाबाला उघडतो की नाही आणि दाब काढल्यावर पूर्ण बंद होतो की नाही, हेही पाहावे लागते.

तिसरे आणि पाचवे नोझल बदलले. नव्यांचीही तशीच तपासणी झाली, सहांच्याही ओ-रिंगा नव्या घातल्या, आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, लावण्याआधी ऑइलच्या वाटेत बाहेरून दाब देऊन मिस्त्रींनी खालून बॅटरीचा उजेड धरला. सहा धारा सहा पिस्टनांच्या पोटावर आदळताना दिसतात. नोझल जरा जरी तिरके बसले, तर धार कनेक्टिंग रॉडवर किंवा लायनरवर जाते आणि पिस्टन कोरडाच राहतो, म्हणून क्रँक हाताने फिरवून प्रत्येक धार वर-खाली दोन्ही टोकांना पाहिली गेली.

या कामात गाडीमालकाचा उन्हाळ्याचा हंगाम गेला.

इंजिन सुरू झाल्यावर दाबाचा काटा स्थिर राहिला. मालकाला मिस्त्रींनी सांगितले की पहिले ऑइल लवकर बदला आणि काढलेला फिल्टर फेकू नका, तो इथे घेऊन या. पेस्टचे आणखी तुकडे आत फिरत असतील, तर ते फिल्टर कापल्यावर दिसतील.