भाकरी की बाटी?

नमस्कार श्रोतेहो. मी विशेष शिक्षिका आहे. पुण्यात वाघोली-लोहगावच्या पट्ट्यात, बांधकाम मजुरांच्या मुलांबरोबर माझं काम चालतं.

दोन वर्षांपूर्वी आठ वर्षांची एक मुलगी तपासणीला आली. भाकरीचं चित्र दाखवून विचारलं, 'हे काय?' ती म्हणाली, 'बाटी.' मी फुली मारली. हो, मीच.

पोरगी बंजारा घरातली. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, भाकरीला बाटीच म्हणतात. गाव कलबुर्गीकडचं, म्हणून कन्नड कानावरची. साइटवर हिंदी, शाळेत मराठी. आणि मी कागदावर 'बौद्धिक क्षमता कमी' लिहायला निघाले होते!

मग साइटवरच्या एका मावशींना सोबत घेऊन तेच प्रश्न गोरमाटीत विचारले. उत्तरं भराभर आली. म्हटलं, चला, अडचण फक्त भाषेची. तेवढ्यात मावशींनी पाण्याचा तांब्या घ्यायला पाठ वळवली आणि तिला हाक मारली. पोरगी ढिम्म. पुन्हा हाक, तरी तेच. समोर तोंड दिसलं की तिला सगळं कळायचं, पाठ फिरली की काहीच नाही.

कानाची तपासणी करून घेतली. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. त्याला भाषा लागत नाही. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. वर्गात बाई फळ्याकडे वळून बोलणार, तर हिला मराठी यायचं कुठून? सगळे म्हणत होते, बाहेरची आहे, शिकेल हळूहळू. भाषेमुळे आधी नसलेलं अपंगत्व दिसलं, मग असलेलं झाकलं गेलं.

कायदे आहेत. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा मातृभाषेतून शिकवा म्हणतो, 'शक्य असेल तितपत'. गोरमाटी नेमकी त्या 'तितपत'मधून निसटते.

श्रवणयंत्र लागल्यावर तिच्या आईला कुणीतरी सांगितलं, आता घरी मराठीच बोला. आईचं मराठी मोडकंतोडकं. परिणाम काय, तर ती लेकीशी बोलेनाशीच झाली. मी म्हटलं, ताई, तुम्ही तुमच्याच बोलीत बोला, भरपूर बोला. दुसरी भाषा त्यावरच उभी राहते.

आता ती पुढच्या बाकावर बसते, बाईंचं तोंड दिसेल अशी. आणि माझ्या तक्त्यात त्या चित्रापुढे चार शब्द लिहिलेत: भाकरी, रोट्टी, रोटी, बाटी.