संगणकी चित्रातला फिल्मचा दाणा

पडद्यावर दिसणारे टेबल फिल्मवर चित्रित केलेले आहे आणि त्यावरचा चेंडू संगणकाने रेंडर केलेला आहे. चेंडूवरचा प्रकाश योग्य दिशेने येतो, सावली जिथे पडायला हवी तिथेच पडते, तरीही तो टेबलावर ठेवलेला न वाटता वरून चिकटवल्यासारखा वाटतो. चित्र थोडे मोठे करून पाहिले, की कारण कळते. टेबलाचा करडा रंग सेकंदाला 24 वेळा बारीक थरथरतो आहे, चेंडूचा करडा मात्र ढिम्म हलत नाही.

ही थरथर म्हणजे ग्रेन. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक विखुरलेले असतात आणि प्रकाश लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपिंगमध्ये धातुरूप चांदी होते. रंगीत फिल्ममध्ये ही चांदी पुढे धुऊन काढली जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे सूक्ष्म ढग उरतात. सुपर 35 प्रकारातील फ्रेमची रुंदी 24.89 मिलिमीटर असते. ती 2048 पिक्सेलमध्ये स्कॅन केली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे 12 मायक्रोमीटर जागा येते, आणि स्फटिक त्याहून बरेच लहान असतात. त्यामुळे आपल्याला दिसतो तो सुटा स्फटिक नसून स्फटिकांची कुठे दाट, कुठे विरळ झालेली गर्दी असते. प्रत्येक फ्रेम म्हणजे फिल्मचा नवा तुकडा, म्हणून ही गर्दी दर फ्रेमला नव्याने मांडली जाते. जास्त संवेदनशील फिल्ममध्ये स्फटिक मोठे असतात आणि दाणा भरड दिसतो. तीच फिल्म 16 मिलिमीटरच्या लहान फ्रेममध्ये वापरली, तर चित्र जवळजवळ अडीच पट अधिक मोठे करावे लागते आणि त्याबरोबर दाणाही तितकाच फुगतो.

याचा अर्थ असा, की ग्रेन हा चित्रावर पसरलेला पडदा नव्हे. फिल्मवरचे चित्र त्या दाण्यांचेच बनलेले असते. संगणकी चित्रावर सगळीकडे सारखा नॉइज, म्हणजे यादृच्छिक ठिपके, शिंपडण्याची सोपी युक्ती फसते ती इथेच. खऱ्या फिल्मच्या अंतिम चित्रात दाणा मध्यम छटांमध्ये सर्वांत जास्त जाणवतो, गडद काळ्यात आणि लख्ख पांढऱ्यात तो दबतो. शिवाय लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात आणि प्रत्येक थराचे स्फटिक स्वतंत्र असतात, म्हणून तिन्ही चॅनेलमध्ये, म्हणजे चित्राच्या या तीन रंगांच्या भागांत, एकच नॉइज भरणे रंगीत फिल्मशी विसंगत ठरते. बहुतेक निगेटिव्हमध्ये निळ्या चॅनेलचा दाणा सर्वांत भरड असतो. दाण्याला आकार असतो, हेही विसरून चालत नाही. शेजारच्या पिक्सेलशी काहीच संबंध नसलेला नॉइज फिल्मपेक्षा बिघडलेल्या दूरचित्रवाणीची आठवण करून देतो.

कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रे एकत्र जुळवण्याचे काम, करणारे कलाकार म्हणूनच उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी मूळ चित्रीकरणातला ग्रेन काढून टाकतात, म्हणजे डीग्रेन करतात. त्या स्वच्छ चित्रात चेंडू बसवतात, आणि मग मूळ फिल्मवरून मोजलेला ग्रेन चेंडूवर चढवतात. चित्राचा जो भाग बदललेलाच नाही, त्याला त्याचा स्वतःचा ग्रेन जसाच्या तसा परत देणे उत्तम. क्रमही महत्त्वाचा आहे. धूसरपणा भिंगाचा असतो, मोशन ब्लर हलण्याचा असतो. दाणा मात्र फिल्मचा असतो. म्हणून फोकसबाहेरची पार्श्वभूमी कितीही विरघळलेली असली, तरी तिच्यावरचा दाणा टोकदारच राहायला हवा. ग्रेन आधी आणि ब्लर नंतर अशी उलटापालट झाली, की तो भाग गुळगुळीत होतो आणि नेमका डोळ्यांत खुपतो. शेवटी फक्त निळा चॅनेल उघडायचा, चित्र उजळायचे आणि चेंडूची कड शोधायची: इतकी साधी परीक्षा पुष्कळदा पुरते.

अलास्डेर न्यूसन, ज्युली डेलॉन आणि ब्रुनो गालेर्न या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेली पद्धत नॉइज मिसळण्याची कल्पनाच सोडून देते. तिच्यात लहानमोठ्या गोल चकत्या यादृच्छिकपणे पसरल्या जातात. त्यांनी सरासरीने किती जागा व्यापावी, हे मूळ चित्राच्या उजळपणावरून ठरते, आणि प्रत्येक पिक्सेलची छटा त्याच्या आसपासच्या व्यापलेल्या जागेवरून काढली जाते. चित्र कितीही मोठे केले, तरी पिक्सेलचे चौकोन न दिसता गोल दाणेच दिसतात. गणना अर्थातच जड होते.

एवढी मेहनत घेतलेला हा दाणा प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे हे आणखी वेगळे संकट आहे. व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धती आधीच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधतात, आणि दाण्याचा अंदाज बांधता येत नाही. परिणामी तो एक तर डेटा खातो, नाही तर पुसला जातो. 2018 मध्ये आलेल्या एव्ही1 या व्हिडिओ आकुंचनाच्या मानकात यावर एक तोडगा आहे. पाठवताना ग्रेन काढून टाकायचा, तो किती भरड आणि कोणत्या छटेत तो किती तीव्र एवढीच मापे सोबत द्यायची, आणि पाहणाऱ्याच्या उपकरणाने त्या मापांवरून नवा ग्रेन तयार करायचा. ही सोय वापरली, तर फ्रेमगणिक जुळवलेला दाणा वाटेतच गळतो, आणि टेबलावर व चेंडूवर एकाच वेळी एकच पेरणी होते: मापाने मूळ दाण्यासारखी, पण एकही दाणा मूळच्या जागी नसलेली.