बोगनवेलीला ताण द्यायचा म्हणजे काय

नमस्कार मंडळी. नागपुरात बोगनवेलीबद्दल मला सगळ्यात जास्त ऐकू येते ती एकच तक्रार. वेल रग्गड वाढते, पानं हिरवीगार, पण फूल नाही, नुसते काटे. वर्धा रोडच्या दुभाजकावर तीच वेल धूळ खात उभी असते आणि रंगाने पेटलेली असते. आणि आपल्या गच्चीवर दोन वेळ पाणी घालून ती एक कळी धरत नाही.

याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार आंबिया बहार घेतो तेव्हा आधी पाणी तोडतो. बाग ताणावर सोडतो, पानं मलूल होऊ देतो, आणि मग पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी भरतं. बोगनवेलीलाही नेमका हाच ताण लागतो. आपण माया म्हणून रोज पाणी देतो, वर चमचाभर युरिया टाकतो, आणि वेलीला फुलायचं कारणच उरत नाही.

आता ही डहाळी बघा. पानाच्या बगलेत, म्हणजे देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात, हा काटा आहे. या दुसऱ्या डहाळीवर बरोबर त्याच जागी फुलांचा घोस आहे. हा योगायोग नाही. बगलेतल्या त्या एकाच अंकुराचा परिस्थितीप्रमाणे काटा होतो किंवा फुलोरा होतो. सावली, भरपूर पाणी आणि नत्र मिळालं की काटा. कडक ऊन आणि कोरडी मुळं मिळाली की फूल. म्हणून ‘नुसते काटे येतात’ असं कोणी सांगितलं की मी आधी कुंडी कुठे ठेवली आहे ते विचारतो. निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं, हिरव्या जाळीखाली ही वेल फुलत नाही.

घोसातलं एक फूल उघडून पाहा. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती तीन रंगीत पानं आहेत. प्रत्येकीच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली आहे आणि तिच्या तोंडाशी पांढरट चांदणी आहे. खरं फूल ती चांदणी. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. फिलिबेर कोमर्सों या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने १७६७ साली रिओ दि जानेरोजवळ तिची नोंद घेतली, आणि तिला नाव मिळालं ते त्याच्या जहाजमोहिमेचा प्रमुख बुगेनव्हिल याचं.

ताण कसा द्यायचा, ते नीट ऐका, कारण इथे गडबड झाली तर वेल जाते. पावसाळा सरला की लांब फांद्या शेंड्याकडून छाटा. फूल नव्या फुटीवरच येतं. फूट पक्व झाली की पाणी कमी करा. नागपूरच्या उन्हात दुपारी चारला पान लोंबणारच, त्यावरून काही ठरवू नका. सकाळी ऊन चढायच्या आत बघा. तेव्हाही पान लोंबलेलं असेल तर वेल खरी तहानलेली आहे. तळातून निथळेल इतकं भरपूर पाणी द्या आणि पुन्हा थांबा. अशा काही फेऱ्यांनंतर बगलेत कळ्या दिसू लागतात. त्या दिसल्या की ताण संपला. तिथून पुढे पाणी नियमित, नाहीतर रंग चढायच्या आधीच कळ्या गळतात. लहान रोपाला ताण नको. आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर कोणत्याच कुंडीला नको. स्लॅब तापलेला असतो, कुंडीतली मुळं अक्षरशः भाजतात.

आपली काळी माती एकटी वापरू नका. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात मुरूम किंवा जाड रेती आणि मुरलेलं शेणखत मिसळा. कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळा. मुळं जरा दाटीत असली की वेल लवकर फुलते.

गच्चीच्या कठड्यावरून वेल खाली सोडायची असेल तर फार सुंदर दिसते, आणि त्यात फायदाही आहे. फांदी वाकून आडवी झाली की शेंड्याचा जोर कमी होतो, मागचे डोळे, म्हणजे बगलेतले अंकुर, फुटतात, आणि प्रत्येक फुटीला फुलोऱ्याची जागा मिळते. मात्र खाली सोडलेल्या फांद्या जाण्यायेण्याच्या वाटेवर येऊ देऊ नका. काटा डोळ्याच्या उंचीवर असतो.

मागून ताईंनी कलमाचं विचारलं. पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पक्व फांदी घ्या, सहा-आठ इंचांची. पावसाळ्यात रेतीमिश्रित मातीत, सावलीत लावा. मुळं धरली की मोठ्या कुंडीत हलवताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. या वेलीची मुळं फार नाजूक, झटकली की रोप दगावतं. पिशवी बाजूने कापून काढा, गोळा तसाच्या तसा ठेवा.