दगडावरचे दोन आकडे

[चावडीची भिंत. ऑइलपेंटचे थर. त्याखाली संगमरवरी पाटी.]

सातारा जिल्ह्यातल्या एका गावची ही चावडी. भिंतीला इतक्या वेळा रंग दिलाय की पाटी शोधावीच लागते. बोटं फिरवली की अक्षरं हाताला लागतात. मजकूर इंग्रजीत आहे. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकाचंही नाही.

सातारा, रत्नागिरी भागात कितीतरी गावांत अशी पाटी आहे. याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धातून परतले नाहीत. त्या गावाला आज सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात.

[जुनं छायाचित्र: बंदरात उभ्या बोटी, धक्क्यावर शिपाई.]

१६ ऑक्टोबर १९१४. मुंबईहून इराणच्या आखाताकडे बोटी सुटल्या. त्यांत पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी होती आणि तिच्यात ११७वी मराठा पलटण. शिपायाचा पगार महिना ११ रुपये.

ही तारीख लक्षात ठेवा. तुर्कस्तानाविरुद्ध ब्रिटननं युद्ध पुकारलं ५ नोव्हेंबरला. बोटी सुटल्या तेव्हा तुर्कांशी लढाई सुरूच झाली नव्हती.

मग एवढी घाई कशाची?

[नकाशा. इराणच्या आखातावरून कॅमेरा वर सरकतो.]

१९०८ साली इराणमध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं. तिथून नळ टाकून ते खाली आबादानला आणलं, तिथे शुद्धीकरणाचा कारखाना उभा केला. त्याच काळात ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालायला लागलं होतं. विन्स्टन चर्चिल तेव्हा आरमाराचे मंत्री. कोळसा इंग्लंडच्या पोटात भरपूर होता, तेलाचा मात्र थेंब बाहेरून आणायचा. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे ५१ टक्के भाग घेतले.

आता नकाशा नीट बघा. आबादान शत्त-अल-अरब नदीच्या या, इराणच्या काठावर. पलीकडचा काठ, म्हणजे आजचा इराक, तुर्की सुलतानाचा. आखातातल्या शेखांवर वचक ठेवायचा होता, हेही खरं. पण कारखाना इथे होता, नळ इथे होते. आणि त्यांच्या राखणीला माणसं पाठवली ती कृष्णा-कोयनेकाठची, कोकणातली.

६ नोव्हेंबरला नदीच्या मुखावरचं फाव घेतलं. २२ नोव्हेंबरला बसरा. तेल सुरक्षित झालं.

इथे थांबता आलं असतं. या सगळ्या कहाणीत आम्हाला सारखं परत याच जागी यावंसं वाटतं.

पण बसरा राखायला अमारा हवं, अमारा राखायला कूत हवं. एकेक ठाणं घेत सैन्य टायग्रिसच्या उलट्या प्रवाहात वर सरकत गेलं. हुकूम सिमल्याहून, हिंदुस्थान सरकारचे. तिकडे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ब्रिटिशांचं काही चालत नव्हतं, कुठेतरी विजय दाखवायला हवा होता, आणि नकाशावर बगदाद फार जवळ दिसत होतं. पुरेशा बोटी नव्हत्या, दवाखान्याची सोय नव्हती.

[ताक-ए-कसराची भव्य कमान.]

ही इराणच्या प्राचीन सासानी राजांची कमान. नोव्हेंबर १९१५ मध्ये तिच्याच आसपास, टेसिफोनला, लढाई झाली. जनरल टाउनशेंडच्या फौजेतले चार हजारांहून जास्त मेले किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून नदीवर आणलं आणि उघड्या पडावांत दाटीवाटीनं निजवून बसऱ्याकडे सोडलं. बाकीचे मागे फिरले, ते कूतला अडकले. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा.

त्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या. १०३वी, म्हणजे जंगी पलटण. ११०वी. आणि मुंबईहून पहिल्या खेपेला निघालेली ११७वी.

[छायाचित्र: कूतहून सुटलेला शिपाई. नुसता हाडांचा सापळा. इथे निवेदन थांबतं. सात सेकंद.]

धान्य संपत आलं तशी घोडी कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. मग हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या. तरीही बहुतेकांनी कित्येक आठवडे ते तोंडात घातलं नाही. गावी परतल्यावर काय सांगायचं? वाळीत टाकलं तर? पोरीबाळींची लग्नं कशी जमायची? मृत्यू समोर उभा असताना या माणसांच्या डोक्यात गावची पंगत होती, परत जाणं होतं. शेवटी वाट्याला मूठभर जवाचं पीठ उरलं. विमानातून धान्याची पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. वेढा फोडायला खालून आलेल्या फौजांची २३ हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा घायाळ झाली.

२९ एप्रिल १९१६. जवळपास पाच महिन्यांनी शरणागती. सुमारे १३ हजार कैदी.

टाउनशेंडना मार्मारा समुद्रातल्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून पायी नेलं, रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो वाटेत आणि छावण्यांत गेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं. १९२० मध्ये इराकी लोक उठले, तोही उठाव चिरडला गेला.

[बसरा स्मारकाची छायाचित्रं.]

बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर ब्रिटिशांची नावं आहेत. हिंदी अंमलदारांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, त्यांचा पलटणीनुसार नुसता आकडा दिला. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगानं अशा वागणुकीबद्दल माफी मागितली. तोवर १०० वर्षं उलटून गेली होती. मधल्या काळात, १९९७ मध्ये, सद्दाम हुसेन यांच्या हुकुमानं ते अख्खं स्मारकच उचलून ३२ किलोमीटर लांब, नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवलं गेलं.

[पुन्हा चावडी. ओल्या फडक्यानं पाटी पुसली जाते.]

चावडीच्या मागच्या आळीत एका घरात बिल्ला आहे. चांदीचा. त्याच्या कडेला बारीक अक्षरांत नंबर आहे, पलटण आहे, आणि नाव आहे.

[बिल्ला तळहातावर. कडेवरची अक्षरं जवळून. निवेदन नाही.]