न्यू जर्सीत बासची मासेमारी: कमी खर्चात सार्वजनिक पाणी कसे शोधावे

नमस्कार. न्यू जर्सीत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना गळ टाकण्याची हौस आहे, पण बोट घेणे किंवा खासगी क्लबची वर्गणी भरणे परवडत नाही, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा काठावर उभे राहून, साध्या रॉडने आणि सार्वजनिक पाण्यात उत्तम मिळतो, असे माझे ठाम मत आहे. राज्याचा लार्जमाउथचा विक्रम 10 पौंड 14 औंसांचा असून तो 1980 साली मेनँटिको सँड पॉन्ड्स इथे नोंदला गेला. मिलविल गावाजवळचे हे तलाव म्हणजे वाळू उपसून झाल्यावर उरलेले खड्डे आहेत आणि आज ते राज्याच्या वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रात मोडतात. तिथे जायला कोणाच्या क्लबचे सभासद व्हावे लागत नाही.

या पाण्यावर आपला हक्कही आहे. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या बहुतेक साहित्यावर 10 टक्के केंद्रीय अबकारी कर बसतो. तो किमतीतच धरलेला असल्यामुळे दुकानात आपल्या लक्षात येत नाही, पण तो पैसा राज्यांच्या मत्स्य विभागांकडे जातो आणि त्यातून तलावांची पाहणी, माशांचे संवर्धन, बोटी उतरवण्याचे धक्के अशी कामे होतात. म्हणून सार्वजनिक तलावाच्या काठी उभे राहताना आपण परक्याच्या दारात आलो आहोत, असा संकोच कोणी बाळगू नये.

परवाना मात्र हवाच. 16 ते 64 वर्षे वयाच्या रहिवाशांसाठी गोड्या पाण्याच्या परवान्याचे वार्षिक शुल्क गेली अनेक वर्षे साडेबावीस डॉलर राहिले आहे, तर 65 ते 69 वर्षे वयाच्यांना हाच परवाना सवलतीत मिळतो. 16 वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. ट्राउट या दुसऱ्या माशासाठी परवान्याबरोबर जो वेगळा शिक्का लागतो, तो केवळ बाससाठी घेऊ नका. भारतातून काही आठवड्यांसाठी आलेले आईवडील इथले रहिवासी धरले जात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बिगररहिवाशांचा अल्प मुदतीचा परवाना पाहावा. वर्षातून दोन दिवस, एक जूनमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये, परवान्याशिवाय मासेमारी करता येते. नवख्या माणसाने आवड पारखण्यासाठी ते दिवस वापरावेत.

आता जागा. नकाशावर निळा ठिपका दिसला म्हणजे ते पाणी सर्वांसाठी खुले असते, असे नाही. न्यू जर्सीतले कितीतरी तलाव भोवतालच्या वसाहतींच्या संस्थांच्या मालकीचे आहेत आणि पिण्याच्या पाण्याच्या काही जलाशयांवर स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे शोधाची सुरुवात उपग्रह नकाशापासून न करता राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या यादीपासून करावी. या विभागाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक मासेमारीच्या जागांची काउंटीनिहाय यादी, अनेक तलावांच्या खोलीचे नकाशे आणि दरवर्षीची नियमपुस्तिका विनामूल्य मिळते. यादीतून चार-पाच नावे काढल्यावर मग उपग्रह नकाशा उघडावा आणि गाडी कुठे लावता येईल, पायवाट कुठून जाते, काठ झाडीने बंद आहे की मोकळा आहे, एवढे पाहून ठेवावे.

एडिसनचे उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी पुष्कळजण त्या परिसरात राहतात. गावातच रूझवेल्ट पार्कचे तळे आहे. मुलांना पहिल्यांदा रॉड हातात द्यायला ते सोयीचे आहे, पण मोठ्या बासची अपेक्षा तिथे ठेवू नये. थोडे पुढे फॅरिंग्टन लेक आहे. वेस्ट विंडसरच्या बाजूला काउंटीच्या उद्यानातले मर्सर लेक आहे. तासाभराच्या आत असनपिंक वन्यजीव क्षेत्र गाठता येते, जिथे असनपिंक, स्टोन टॅव्हर्न आणि रायझिंग सन असे तीन तलाव एकाच आवारात आहेत आणि एका तलावावर गर्दी किंवा शेवाळ फार असेल तर दुसऱ्याकडे वळता येते. शिकारीच्या हंगामात मात्र अशा क्षेत्रात भडक नारिंगी जाकीट घालूनच जावे.

काठावरून मासेमारी करणाऱ्याने माझ्या मते सर्वांत आधी पाहावा तो डेलावेअर अँड रॅरिटन कालवा. हा कालवा 1834 साली मालवाहतुकीसाठी खुला झाला, 1974 पासून तो राज्य उद्यान आहे आणि आजही मध्य जर्सीला पिण्याचे पाणी पुरवतो. सुमारे 70 मैलांच्या या उद्यानात पूर्वी बोटी ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत, ती वाट पाण्याला लागूनच जाते, म्हणजे मैलोन्‌मैल काठ पायी चालणाऱ्याच्या हाताशी येतो. किंग्स्टन आणि प्रिन्स्टन यांच्या दरम्यान तर वाटेच्या एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला कार्नेगी लेक असते.

कालवा बहुतेक ठिकाणी सारख्याच रुंदीचा आणि सारख्याच खोलीचा असल्यामुळे, जिथे हा एकसारखेपणा मोडतो तिथे बास दबा धरून बसतो. जुने लॉक (बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेण्याची दारे असलेली जागा), पुलाखालची सावली, पाणी सोडण्याची दारे, छोटा ओढा मिळतो ती जागा, पाण्यात कोसळलेले झाड, अशा ठिकाणी पाच-सहा वेळा गळ टाकून पुढे सरकावे. एकाच जागी दिवसभर बसणाऱ्यापेक्षा चालणाऱ्याच्या हाती इथे अधिक लागते. ग्रिग्सटाउन आणि ब्लॅकवेल्स मिल्स इथल्या पुलांपासून दोन्ही दिशांना चालत जाता येते.

साहित्यावर फार खर्च करू नये. रीलसह तयार जोडीत मिळणारा साधा स्पिनिंग रॉड, 8 ते 10 पौंडांचा ताण पेलणारी लाइन म्हणजे दोरी, रुंद वाकाचे गळ आणि मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांचे एक पाकीट पुरते. गळाचे टोक प्लॅस्टिकमध्येच लपवून टाकले तर ते शेवाळात अडकत नाही आणि आमिषांचा खर्च वाचतो.

वसंतात पाणी साधारण 60 ते 65 अंश फॅरनहाइटपर्यंत तापले की बास अंडी घालायला उथळ काठाशी येतात, म्हणून बोट नसलेल्यांसाठी हाच उत्तम काळ असतो. पण 15 एप्रिल ते 15 जून या काळात राज्यात धरलेला प्रत्येक बास लगेच सोडावा लागतो, आणि हा नियम योग्यच आहे, कारण घरट्यावर नर पहारा देत असतो आणि तो दूर गेला की सनफिश नावाचे छोटे मासे अंडी फस्त करतात. घरट्यावर बसलेला नर दिसला तर त्याच्यापुढे आमिष टाकूच नये, असे मला वाटते. उरलेल्या वर्षात सर्वसाधारण नियमानुसार किमान 12 इंच लांबीचे, दिवसाला पाच मासे ठेवता येतात. काही पाण्यांचे नियम वेगळे आहेत, ते पुस्तिकेत पाहावेत.

घरी मासा नेऊन रस्सा करायचा असेल, तर राज्याची मत्स्यसेवनाविषयीची सूचना आधी वाचावी. बास दुसरे मासे खाऊन वाढतो, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी मर्यादा अधिक कडक आहेत आणि पाइनलँड्समधल्या आम्लयुक्त तलावांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी लागते.