कच्चा निबंध आधी शेजाऱ्याला दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा तपासताना बाई लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, खाली शेरा देतात. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. निबंध तिथेच संपतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की बाईंच्या हाती जाण्याआधी कच्चा निबंध बाकावरच्या शेजाऱ्याने वाचावा.

समजा, आपल्या बडोद्यातल्या एका मुलीने लिहिलं, 'आम्ही सयाजीबागेत गेलो. खूप मजा आली.' शेजारीण विचारते, 'मजा कशात आली गं? प्राणी बघताना, की म्युझियममध्ये?' मग तिला देवमाशाचा सांगाडा आठवतो, त्याच्यासमोरून न हलणारा धाकटा भाऊ आठवतो, आणि दुसऱ्या खर्ड्यात तो भाऊ येतो. लाल शाईने हा भाऊ कधीच आला नसता.

पण खरा फायदा विचारणारीचा होतो. 2009 साली क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत इंग्रजी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना फक्त दुसऱ्याच्या मसुद्यावर सूचना द्यायला शिकवलं, काहींना फक्त आलेल्या सूचना वापरायला. स्वतःच्या लेखनात जास्त पुढे गेले ते सूचना देणारे, त्यातही नवशिके. मला हे अगदी पटतं. दुसऱ्याच्या लिखाणातली पोकळ जागा ओळखता आली, की आपल्या वहीतलीही दिसू लागते.

मात्र 'छान आहे' म्हणून वही परत द्यायची नाही, आणि चुका मोजत बसायचंही नाही. आपल्याकडे गुजराती माध्यमातली मुलं मराठी लिहिताना अक्षरावरची रेघ विसरतात, कारण गुजरातीत ती नसतेच. ते शेवटी बघू. आधी दोन गोष्टी सांगायच्या: कुठलं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि कुठे काही कळलं नाही. मुलांना हे आपोआप जमत नाही. बाईंनी स्वतःचा एखादा कच्चा परिच्छेद फळ्यावर लिहावा आणि सगळ्या वर्गाला त्यावर प्रश्न विचारू द्यावेत. नुसती वह्यांची अदलाबदल केली, तर मैत्रीखातर सगळंच छान ठरतं.

सूचना ऐकलीच पाहिजे असंही नाही. लिहिणाऱ्याने पक्क्या निबंधाखाली दोन ओळी लिहाव्यात: कुठली सूचना घेतली, कुठली सोडली आणि का. शिक्षकांनी त्या दोन ओळींनाही गुण द्यावेत.