डिमेन्शिया, पण कोणता?

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं की आपण आधी वयाकडे बोट दाखवतो. वर्ष-दोन वर्षं तशीच जातात. मग कधीतरी डॉक्टरांकडे जाणं होतं आणि ‘डिमेन्शिया आहे’ एवढं ऐकून घरचे परत येतात. तिथे थांबू नका, पुढचा प्रश्न विचारा, एवढ्यासाठी मी आज तुमच्याशी बोलते आहे. डिमेन्शिया म्हणजे आठवण, विचार, वागणं ढासळत जाणं, आणि ते वेगवेगळ्या आजारांनी होतं. म्हणून पुढचा प्रश्न असा: डिमेन्शिया, पण कोणता?

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. मेंदूचे स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असावा, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत निघाला. पण या 88 लाखांना एकच आजार नाही. कुणाला अल्झायमर असतो, कुणाच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडलेल्या असतात, कुणाला लुई बॉडीचा आजार, म्हणजे मेंदूच्या पेशींत त्या नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचण्याचा, तर कुणाच्या मेंदूचा पुढचा भाग झिजत चाललेला. उतारवयात तर यातले दोन आजार एकाच डोक्यात असणं अगदी नेहमीचं आहे.

साधा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायचा तो सगळ्यात आधी, बरं होण्यासारखं काही सुटून जाऊ नये म्हणून. महिना-दीड महिन्यापूर्वी आजोबा न्हाणीघरात घसरले, डोक्याला थोडं लागलं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आता ते सुस्त असतात, बोलता बोलता गोंधळतात. स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्या मधे साचलेल्या रक्ताची चंद्रकोर दिसते. ते रक्त काढून टाकलं की माणूस बऱ्याचदा पूर्वपदावर येतो. दुसरा प्रकार मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी वाढण्याचा. यात विसरण्याच्या आधी चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलतच नाहीत, आणि लघवीवरचा ताबा सुटतो. 1965 साली हकीम आणि अॅडम्स यांनी हा आजार नीट मांडला. नळी बसवून ते पाणी पोटात सोडण्याची शस्त्रक्रिया करतात, आणि निवड नीट झाली तर काठी टेकत आलेली माणसं पुन्हा चांगली चालू लागतात. अशा रुग्णाला नुसत्या स्मरणशक्तीच्या गोळ्या देत बसणं मला खरोखर सहन होत नाही. थायरॉइड आणि बी-12 मात्र स्कॅनमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी रक्त तपासावं लागतं. तेही करून घ्या.

हे सगळं नाही असं ठरलं, की आम्ही झीज कुठे झाली आहे ते पाहतो. किती झाली, यापेक्षा कुठे झाली, याला महत्त्व जास्त. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. नवी आठवण आधी तिथे रुजते. अल्झायमरमध्ये तो लवकर आकसतो. एमआरआयमधल्या, समोरून घेतलेल्या कापाच्या चित्रात तो किती बारीक झाला आणि भोवतीची जागा किती मोकळी झाली, हे पाहून आम्ही 0 ते 4 असा आकडा देतो. रक्तवाहिन्यांच्या डिमेन्शियात चित्र वेगळं. मेंदूच्या खोल भागात पांढरे डाग पसरलेले, मधे मधे लकव्याच्या जुन्या छोट्या झटक्यांची भोकं. घरचे म्हणतात, ‘लकवा कधी झालाच नाही.’ झालेला असतो, फक्त हातापायाला कळलेला नसतो. इथे रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं हाच मुख्य उपचार.

पन्नाशीतला एखादा गृहस्थ अचानक फटकळ होतो, पैसे उधळतो, जनाची आणि मनाची सोडतो, पण स्मरणशक्ती बरी असते. त्याचा संसार मोडायची वेळ येते, मानसोपचार सुरू होतात, आणि उशिरा केव्हातरी एमआरआयमध्ये कपाळामागचा भाग झिजलेला दिसतो. अल्झायमरसाठी देतात त्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही, उलट कधी चिडचिड वाढते. एखाद्या बाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही दिसत नाही, चष्म्याचे नंबर बदलून झाले, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत. त्यांच्या मेंदूचा मागचा भाग, जिथे पाहिलेल्याचा अर्थ लागतो, तो आकसलेला असतो. बहुतेकदा तोही अल्झायमरच, वेगळ्या दाराने आलेला.

लुई बॉडीबद्दल मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण इथे चूक महागात पडते. आजींना भरदुपारी खोलीत लहान मुलं दिसतात. त्या भीत नाहीत, उलट ‘त्यांना काही खायला दे’ म्हणतात. एक दिवस अगदी शहाण्यासारखं बोलतात, दुसऱ्या दिवशी हरवलेल्या. झोपेत हातपाय झाडतात. घरात बाहेरचं काहीतरी आहे इथपासून वेड लागलं इथपर्यंत सगळं बोलून होतं, आणि कुणीतरी भास थांबवायला हॅलोपेरिडॉल देतं. या आजारात त्या औषधाने माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. साध्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस बऱ्यापैकी शाबूत दिसतो, हीसुद्धा एक खूण. शंका असेल तर डोपामिनचा, म्हणजे मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, स्कॅन करतात. आपल्याकडे त्यासाठी ट्रोडॅट नावाचा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. निरोगी मेंदूत खोल भागातले दोन उजळ ठिपके स्वल्पविरामासारखे दिसतात. लुई बॉडीत त्यांची शेपटी विझते आणि पूर्णविराम उरतो. अल्झायमरमध्ये स्वल्पविराम सहसा तसेच राहतात. पार्किन्सनमध्येही शेपटी विझतेच, त्यामुळे त्या दोघांत फरक करायला हा स्कॅन कामाचा नाही. तिथे लक्षणं कोणत्या क्रमाने आली, तेच पाहावं लागतं.

पेट स्कॅनमध्ये झीज होण्याआधीच मंदावलेले भाग दिसू शकतात. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा घेतो जवळजवळ 20 टक्के. म्हणून किरणोत्सारी खूण लावलेली थोडीशी साखर शिरेतून देतात आणि ती मेंदूत कुठे किती जाते ते पाहतात. सकाळी उपाशीपोटी यायचं. बोटातून रक्त घेऊन साखर तपासतात, फार वाढलेली असली तर तारीख पुढे जाते. इंजेक्शननंतर मंद उजेडाच्या खोलीत सुमारे अर्धा तास पडून राहायचं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, कारण बोललं तर बोलण्याचा भाग उजळतो आणि चित्र फसवं होतं. घाबरलेल्या आजोबांना एकटं सोडवत नाही, हे मला कळतं. सोबत बसा, पण हात हातात घेऊन, न बोलता. या खुणेची ताकद दर 110 मिनिटांनी निम्मी होते, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. अल्झायमरमध्ये मेंदूचा मागचा आणि बाजूचा भाग मंदावतो, मेंदूचा पुढचा भाग झिजवणाऱ्या डिमेन्शियात कपाळामागचा, आणि लुई बॉडीत अगदी मागचा, दृष्टीचा भागही.

अल्झायमरमध्ये मेंदूत अॅमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली ही पुटं मृत रुग्णाच्या मेंदूत दाखवली होती. जिवंत माणसाच्या मेंदूत ती पेट स्कॅनने पाहता आली 2002 मध्ये, स्वीडनमधल्या उपसाला इथे, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये तयार केलेला पदार्थ वापरून. मधे जवळजवळ शंभर वर्षं गेली. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. नव्वदीतल्या, स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या लोकांमध्येही चाळीसहून अधिक टक्के जणांच्या मेंदूत अॅमिलॉइड सापडतं. म्हणून काही त्रास नसताना कुतूहल म्हणून हा अॅमिलॉइडचा स्कॅन करू नये, असं माझं ठाम मत आहे. अॅमिलॉइड काढणारी लेकानेमॅबसारखी औषधं आता आली आहेत. ती आजाराचा वेग थोडा कमी करतात, बरा करत नाहीत. अॅमिलॉइड आहे हे सिद्ध करूनच ती देतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो.

आता तुमच्या हातातलं सांगते. स्कॅनसाठी माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेकदा एकच शब्द असतो: ‘विसरतात’. तेवढ्यावरून मी ‘वयोमानानुसार मेंदू आकसला आहे’ एवढंच लिहू शकते, आणि त्या वाक्याचा कुणालाच उपयोग नसतो. डॉक्टरांना भेटायला जाण्याआधी एका कागदावर लिहा. पहिल्यांदा काय बदललं, आठवण, चाल, बोलणं, स्वभाव की नजर? हळूहळू बिघडलं की पायरी पायरीने? भास होतात का? कुठे पडले होते का? गोळ्या कोणत्या? रोज जवळ असतं त्याने लिहावं, मग ती सून असो, मुलगा असो नाहीतर सांभाळणाऱ्या मावशी. पेसमेकर असेल तर एमआरआयची तारीख घेतानाच सांगा. आणि कपाटात जुना स्कॅन असेल, तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीसुद्धा आणा. तीन वर्षांपूर्वीचा हिप्पोकॅम्पस आणि आजचा शेजारी शेजारी ठेवता आले, की एकट्या स्कॅनवरून जे मला छातीठोकपणे सांगता येत नाही, ते बऱ्याचदा सांगता येतं.

नमस्कार.